नाकाबंदी, पोलिसी बळ आणि नागरिकाचा दावा : एक अभ्यास



आपल्या वस्त्यांतील बहुसंख्य तरुणांचा पोलिसांशी पहिला संबंध येतो तो रस्त्यावर. तीन हात नाका असो, कल्याणचा पत्री पूल असो, शीळ फाटा असो की डोंबिवलीतील घरडा सर्कल असो, रात्री नाकाबंदी लागते, गाडी बाजूला घ्यायला सांगितले जाते आणि कागदपत्रांची मागणी होते. बहुतेक वेळा हे प्रकरण दंड भरून संपते. काही वेळा मात्र शब्दाने शब्द वाढतो आणि कानशिलात बसते, क्वचित काठीही चालते. मार खाणारा रिक्षाचालक असेल, रात्रपाळीचा कामगार असेल किंवा घरोघरी माल पोहोचवणारा पोरगा असेल. तो घरी येतो, आई हळद लावते, शेजारी म्हणतात, "पोलिसांच्या नादी कशाला लागतोस?" आणि विषय तिथेच मिटतो.

हा विषय तिथे मिटू नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. पोलिसांनी बेकायदेशीर बळ वापरल्यास शासनाकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आपल्या देशात न्यायालयांनी मान्य केलेला आहे. परंतु हा हक्क पुराव्यावर आणि मुदतीवर उभा आहे. अंगावरचा वळ आठ दिवसांत जातो. कागद राहतो. म्हणून कायदा काय म्हणतो, तो कसा घडला आणि आपण काय करावे, याचा क्रमाने विचार करू.

१. रस्त्यावर पोलिसाचा अधिकार किती?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने लायसन्स दाखवले पाहिजे (कलम १३०). दारू प्यायल्याचा संशय असल्यास श्वासाची चाचणी घेता येते (कलम २०३). नोंदणी किंवा परवाना नसलेली गाडी ताब्यात घेता येते (कलम २०७). कागदपत्रे मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असतील, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तीही ग्राह्य आहेत. एवढे सहकार्य करणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. त्यात कमीपणा नाही.

आता दुसरी बाजू पाहू. सिग्नल तोडणे, हेल्मेट नसणे, तिघांनी एका दुचाकीवर बसणे यांसाठी कायद्याने दंड सांगितला आहे. मारणे ही शिक्षा या कायद्याच्या एकाही कलमात नाही. गाडीची चावी काढून घेण्याचेही वेगळे कलम त्यात नाही.

अटक करायची झाल्यास किती बळ वापरावे हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता लागू झाली. तिच्या कलम ४३ नुसार माणूस अटकेला जबरदस्तीने विरोध करत असेल किंवा अटक टाळण्याचा प्रयत्न करत असेल, तरच पोलिसाने आवश्यक ते उपाय योजावेत. ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम ४६ सांगते की, पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक बंधन घालू नये. म्हणजे बळाचे माप विरोधाइतकेच. ज्याने विरोधच केला नाही, त्याच्यावर उचललेला हात कायद्याबाहेरचा आहे.

२. घटनेचा आधार

घटनेच्या अनुच्छेद २१ ने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण केले आहे. घटना समितीत या अनुच्छेदातील शब्दरचनेवरून मोठा वाद झाला. कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती एवढेच शब्द राहिल्यामुळे नागरिकाचे संरक्षण अपुरे पडेल, अशी अनेक सदस्यांची तक्रार होती. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२ होय. अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, ही तीन संरक्षणे त्यातून आली. घटना लिहिणाऱ्या माणसाच्या मनात पोलीस कोठडीचा प्रश्न किती जागा होता, हे यावरून ध्यानात यावे.

हक्क मोडला तर दाद कुठे मागायची? अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात आणि अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात. ९ डिसेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी अनुच्छेद ३२ ला घटनेचा प्राण मानले, ते यासाठीच. दाद मागण्याची सोय नसेल, तर हक्क नुसता कागदावर राहतो.

३. नुकसानभरपाईचा कायदा कसा घडला?

हा कायदा संसदेने एका दिवसात केला नाही. सामान्य माणसांच्या अर्जांतून आणि पत्रांतून तो घडला. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या सार्वभौम अधिकाराचे कारण देऊन पोलिसांच्या चुकीबद्दल भरपाई नाकारली होती. तेथून पुढचे टप्पे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत.

(अ) रुदुल साह, १९८३ : निर्दोष सुटल्यानंतरही बिहारच्या तुरुंगात १४ वर्षे अडकून पडलेल्या या माणसाला अनुच्छेद ३२ खालील अर्जातच भरपाई मिळाली. दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागली नाही.

(आ) शीला बारसे, १९८३ : मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांना मारहाण होते, असे पत्र या महिला पत्रकाराने सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले आणि स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा, आरोपीला कायद्याची मदत असे निर्देश महाराष्ट्र शासनाला दिले.

(इ) भीमसिंग, १९८५ : जम्मू-काश्मीरच्या या आमदाराला श्रीनगरच्या वाटेवर काझीकुंड येथे रस्त्यातच अडवून अटक झाली आणि त्यांना विधानसभेत जाता आले नाही. न्यायालयाने ५०,००० रुपये भरपाई देवविली.

(ई) सहेली, १९९० : दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या आईला ७५,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

(उ) नीलाबती बेहेरा, १९९३ : ओरिसातील एका आईने कोठडीत गेलेल्या आपल्या २२ वर्षांच्या मुलासाठी न्यायालयाला पत्र लिहिले. दीड लाख रुपये भरपाई देताना न्यायालयाने स्पष्ट केले की, मूलभूत हक्क मोडला असता सार्वभौम अधिकाराचा बचाव शासनाला घेता येणार नाही. कस्तुरीलालची भिंत येथे पडली.

(ऊ) डी. के. बसू, १८ डिसेंबर १९९६ : पश्चिम बंगालमधील विधी सेवा संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून हा निकाल लागला. अटकेच्या वेळी पाळायचे ११ नियम त्यात आहेत. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाइकाला कळवावे, अंगावरच्या जखमांची नोंद व्हावी, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्यांतील मुख्य होत.

या सहापैकी तीन प्रकरणे साध्या पत्रापासून सुरू झाली, आणि एका आईच्या हातचे पत्र साऱ्या देशाचा कायदा बदलू शकले, हे ध्यानात ठेवावे.

४. अमेरिकेचा अनुभव

आपल्याकडे ही वाट घटनेच्या अनुच्छेदांतून निघाली. अमेरिकेत मात्र त्यासाठी वेगळा कायदाच आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांवर कू क्लक्स क्लॅन ही टोळी अत्याचार करीत होती आणि स्थानिक अधिकारी डोळेझाक करीत होते. म्हणून १८७१ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. त्यातील तरतूद आज कलम १९८३ या नावाने ओळखली जाते. सरकारी अधिकाराचा वापर करून कोणी हक्क मोडला, तर त्या माणसावर थेट भरपाईचा दावा लावता येतो. नव्वद वर्षे ही तरतूद जवळजवळ निजून होती. शिकागोतील एका काळ्या कुटुंबाच्या घरात पोलीस घुसले, त्यावरून झालेल्या मन्रो विरुद्ध पेप या १९६१ च्या निकालाने तिला जाग आणली.

रस्त्यावरील प्रसंगांचे तीन दाखले पाहा. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ग्रॅहम या मधुमेही माणसाला साखर कमी झाल्यामुळे फळांचा रस हवा होता. दुकानातील रांग पाहून तो घाईने बाहेर आला. पोलिसाला संशय आला, मोटार अडवली गेली आणि झटापटीत त्याचा पाय मोडला. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, त्या प्रसंगी असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने बळ वाजवी होते की नाही, हीच कसोटी. पोलिसाच्या मनातला हेतू चांगला होता, एवढ्याने भागत नाही.

दुसरा दाखला रॉडनी किंगचा. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वेगाने मोटार हाकल्यावरून पाठलाग करून त्याला मारहाण झाली. शेजारच्या सज्जातून एका रहिवाशाने ती कॅमेऱ्यात टिपली. १९९२ मध्ये पोलीस सुटले आणि शहरात दंगल उसळली. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोघांना शिक्षा झाली आणि १९९४ मध्ये दिवाणी दाव्यात शहराला ३८ लाख डॉलर द्यावे लागले.

तिसरा दाखला ताजा आहे. २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळ टोलच्या थकबाकीवरून थांबवलेल्या मोटारीतील तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. मोटार हलू लागली तेव्हा पोलीस तिच्या पायरीवर चढला आणि त्याने गोळ्या झाडल्या. बार्न्स विरुद्ध फेलिक्स या खटल्यात मे २०२५ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, फक्त गोळीच्या क्षणाचा विचार करून चालणार नाही. तो क्षण कसा आला, हा सारा प्रसंग तपासला पाहिजे.

तिथेही सारे सुरळीत आहे असे नाही. हक्क अगोदरच्या निकालांनी स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नसेल, तर अधिकाऱ्याला दाव्यापासून सूट मिळते. या सुटीमुळे पुष्कळ दावे फेटाळले जातात. शिवाय भरपाई बहुधा शहराच्या तिजोरीतून जाते, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. आपल्याकडेही पैसे शासन देते. दोषी माणसाच्या पगारातून ते वसूल व्हावेत, असा आग्रह म्हणूनच धरला पाहिजे.

आपल्या चळवळीच्या इतिहासाशी जोडलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथर पक्षाचे १९६६ मधील पहिले काम म्हणजे ओकलंड शहरात पोलीस काळ्या लोकांना रस्त्यात अडवत, तेथे जाऊन लक्ष ठेवणे हे होते. त्यांच्या बंदुका जगाने पाहिल्या. पण त्यांचा एक संस्थापक, ह्यू न्यूटन, सोबत कायद्याचे पुस्तक नेत असे आणि उभ्या उभ्या कलमे वाचून दाखवत असे. आपण घ्यायचे ते पुस्तक.

५. महाराष्ट्राचे धडे

आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम १६१ प्रत्येकाने समजून घ्यावे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा किंवा खटला लावायचा, तर तो सामान्यतः सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे. दाव्याआधी त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते. शासनाविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस लागते. म्हणजे हिशेब करा. नोटिशीचे दोन महिने धरले, तर निर्णय घ्यायला चार महिनेही उरत नाहीत. "बघू, दिवाळीनंतर वकिलाकडे जाऊ" म्हणणाऱ्याची वेळ निघून जाऊ शकते.

न्यायालयाने मात्र या कलमाला मर्यादा घातली आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कबुलीसाठी माणसांना डांबून मारणे हा पोलिसाच्या कर्तव्याचा भागच नव्हे. सबब मुदतीची ढाल त्यांना मिळणार नाही. तरीही या निकालावर विसंबून कोणी उशीर करू नये.

पुराव्याचे मोल काय असते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी नवी मुंबईत वाशी येथून दोघांना उचलण्यात आले. त्यांपैकी रामनारायण गुप्ता याला त्याच दिवशी वर्सोव्यात चकमकीत मारल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा भाऊ वकील होता. चकमकीची बातमी येण्यापूर्वीच त्याने वरिष्ठांना तारा पाठवल्या होत्या. त्या तारांवरची वेळ पुढे महत्त्वाचा पुरावा ठरली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह अनेकांना जन्मठेप दिली आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेकांची शिक्षा कायम करून सुटलेल्या अधिकाऱ्यालाही दोषी ठरवले. मेलेला माणूस गुन्हेगार होता की नव्हता, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कायद्याचे संरक्षण सर्वांना सारखे आहे.

याच्या उलट, उशिराची व्यथा आपण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पाहिली. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक पूर्व द्रुतगती मार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी सत्र न्यायालयाची शिक्षा येण्यास २००९ साल उजाडले आणि नंतर उच्च न्यायालयाने आरोपी अधिकाऱ्याला जामीन दिला.

परभणीचे प्रकरण तर अगदी अलीकडचे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील आंदोलनानंतर अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. त्यांच्या आईने अर्ज केला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात शासनाचे अपील फेटाळले. ओरिसातील आई आणि परभणीतील आई यांच्यात तीस वर्षांचे अंतर आहे. दाद मागण्याची वाट तीच आहे.

६. प्रसंग आल्यास काय करावे?

(१) हात उचलू नये, शिवी देऊ नये, पळू नये. सरकारी नोकरावर हल्ला केल्याचा उलट गुन्हा लागला की मूळ तक्रार मागे पडते.

(२) पोलिसाच्या छातीवरचे नाव, गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ लक्षात ठेवून लगेच लिहून काढावी. चलन मिळाल्यास जपावे. त्यावर तारीख-वेळ असते.

(३) शक्य असेल तर सोबत्याने अंतर राखून चित्रीकरण करावे. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातील निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे तेथील चित्रीकरण या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

(४) त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे, मग ते ठाण्याचे सिव्हिल असो, कळव्याचे महापालिका रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई असो की डोंबिवलीचे शास्त्रीनगर. मार कशाने लागला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तसे लिहून घ्यावे. "पडलो" असे लाजेने सांगितले, तर दावा तिथेच पडतो.

(५) पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. घेतली नाही, तर नोंदणीकृत टपालाने परिमंडळाच्या उपायुक्तांना व पोलीस आयुक्तांना पाठवावी. तरीही गुन्हा नोंदला नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

(६) कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावी. पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. चौकातील चित्रण इतके दिवस राहीलच असे नाही.

(७) राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरणाचीही तरतूद झाली आहे.

(८) वकिलाची फी नाही म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

७. दोन्ही बाजूंचा विचार

पोलीस हाही कामगारच आहे. बारा-बारा तास उन्हा-पावसात उभा राहणारा शिपाई आपल्यातल्याच घरचा असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे विनाहेल्मेट दुचाकी अडवली म्हणून वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्या डोक्यात प्रहार झाला आणि ते दगावले. असा हल्ला करणाऱ्यास कठोर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु शिंदे यांच्या मृत्यूचा न्याय आणि नाक्यावर मार खाणाऱ्या पोराचा न्याय हे परस्परांविरुद्ध नाहीत. दोन्हींची मागणी एकच आहे की रस्त्यावर हाताने नव्हे, कायद्याने निर्णय व्हावा.

समारोप

नाक्यावरची थप्पड लहान गोष्ट वाटते. पण ती खाऊन गप्प बसलेला मुलगा पुढे पोलीस ठाण्याची पायरी चढायला भितो. घरात चोरी झाली, बहिणीची छेड निघाली, जातीवरून अपमान झाला, तरी तो तक्रार देत नाही. एका थप्पडेने अनेक हक्क मुके होतात. म्हणून प्रत्येक वस्तीतील मंडळाने एक वही ठेवावी. अशा घटना तारीख-वेळेसह त्यात नोंदवाव्यात आणि वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक दिवस विहारात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. यास निधी लागत नाही.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) अनुच्छेद २२ मधील तीन संरक्षणे कोणती व ती का आली?
२) कस्तुरीलाल (१९६५) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या निकालांतील फरक सांगा.
३) १० जानेवारी रोजी नाक्यावर मारहाण झाली, असे समजा. कलम १६१ ची मुदत केव्हा संपेल? नोटीस केव्हापर्यंत द्यावी?
४) भरपाई शासनाने द्यावी की दोषी अधिकाऱ्याने? आपले मत कारणांसह मांडा.